संस्थापकाने सीईओपद सोडायचं म्हणजे नेमकं काय काय सोडायचं?

सीईओ बदलायला कागदावर फारसं काही लागत नाही. संचालक मंडळाची एक बैठक, एक ठराव, एक-दोन फॉर्म. कंपनी सेक्रेटरी आठवडाभरात काम उरकून टाकतो. तरीही पद देऊन दोन वर्षं झाली, आणि डीलर अजून जुन्या मालकालाच फोन लावतात, बँकेचा मॅनेजर त्यालाच बोलावतो, आणि नव्या सीईओला दोन लाखांची खरेदी करायची तरी 'साहेबांना विचारून सांगतो' म्हणावं लागतं, अशा कंपन्या आपल्याकडे शोधत फिरावं लागत नाही. पदाची अदलाबदल झालेली असते. सही, जामीन आणि निर्णयाचा अधिकार जिथल्या तिथे राहिलेले असतात. या तिन्हींचा हिशेब वेगवेगळा मांडायला हवा, आणि आमच्या मते जामिनाचा सगळ्यात आधी.

बोलायला सोपं जावं म्हणून एक कंपनी डोळ्यांपुढे ठेवू. वाळूज एमआयडीसीत सोयाबीनसाठी बीबीएफ पेरणी यंत्रं (रुंद वरंबा-सरी पद्धतीची) बनवणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. साठ कामगार, वर्षाला १८ कोटींची उलाढाल, बँकेची ३ कोटींची कॅश क्रेडिट मर्यादा (लागेल तसं काढायचं-भरायचं खेळत्या भांडवलाचं कर्ज), एका गुंतवणूकदार फंडाकडे २० टक्के शेअर्स, बाकीचे संस्थापक आणि त्याच्या पत्नीकडे. कंपनी काल्पनिक आहे, पण तिची रचना जालना, लातूर, नांदेडच्या उद्योजकांनाही ओळखीची वाटेल.

मालक, संचालक, एमडी, सीईओ

आपल्या बोलण्यात या चारही गोष्टी 'मालक' या एका शब्दात येतात. कायद्यात त्या चार आहेत, आणि एक सोडली म्हणून बाकीच्या सुटत नाहीत.

शेअर्स ज्याच्याकडे तो भागधारक. सीईओपद सोडल्याने एकही शेअर कमी होत नाही, मात्र गुंतवणूकदाराशी झालेल्या करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर. संचालक हा मंडळाचा सदस्य. प्रायव्हेट कंपनीत किमान दोन संचालक लागतात. एमडी (मॅनेजिंग डायरेक्टर) म्हणजे कारभाराचे भरीव अधिकार ज्याच्याकडे दिलेत असा संचालक; त्याची नेमणूक एका वेळी ५ वर्षांपेक्षा जास्त काळासाठी करता येत नाही. आणि सीईओ? कंपनी कायदा, २०१३ नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या आणि १० कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या पब्लिक कंपन्या यांनाच एमडी, सीईओ, मॅनेजर किंवा पूर्णवेळ संचालक यांपैकी कुणीतरी नेमणं सक्तीचं आहे. आपल्या वाळूजच्या कंपनीला सीईओ नेमण्याची कायद्याने गरजच नाही. नेमला तर तो संचालक असलाच पाहिजे असंही नाही.

ही शेवटची मुभा मोहात पाडते. 'आधी नुसता सीईओ करू, संचालक नंतर बघू,' असं बऱ्याच ठिकाणी ठरतं. कारखाना असलेल्या कंपनीने इथे थांबून विचार करावा. कारखान्याच्या कायद्यात कंपनीचा भोगवटादार, म्हणजे सुरक्षिततेची अंतिम जबाबदारी ज्याच्यावर तो माणूस, संचालकांपैकीच एक असावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. म्हणजे नवा सीईओ संचालक नसेल आणि प्रेसखाली कुणाचा हात सापडला, तर तपासाची नोटीस संस्थापकाच्या नावाने येते. यंत्राचं गार्ड काढून उत्पादन वाढवायचा निर्णय मात्र त्याचा नसतो. कारखाना चालवणाऱ्या सीईओला संचालक करून भोगवटादार म्हणून त्याचं नाव नोंदवावं, किंवा सुरक्षिततेचा खर्च आणि अधिकार संस्थापकाने लेखी आपल्याकडे ठेवावा. मधला रस्ता धोक्याचा.

संस्थापक पुढे कोणत्या खुर्चीत बसणार हेही आधी ठरायला हवं. झोहो या सॉफ्टवेअर कंपनीचे श्रीधर वेंबू जानेवारी २०२५ मध्ये सीईओपदावरून उतरले आणि मुख्य शास्त्रज्ञ झाले; सहसंस्थापक शैलेशकुमार दवे यांनी ग्रुप सीईओपद घेतलं. आवडीचं आणि मर्यादा स्पष्ट असलेलं काम हातात असलं की माणूस इतरांच्या कामात कमी डोकावतो. आपल्या कंपनीत संस्थापकाला यंत्राची रचना उत्तम जमत असेल तर त्याने संशोधन विभाग घ्यावा, आणि त्या विभागापुरतं नव्या सीईओला उत्तर द्यावं. 'मार्गदर्शक' हे पद मात्र देऊ नये. त्याला हद्द नसते.

आधी जामीन

लघुउद्योगाच्या जवळपास प्रत्येक कर्जात संस्थापकाची वैयक्तिक हमी असते. अनेकदा पत्नीची आणि भावाचीही. सिडकोतलं घर किंवा गावाकडची जमीन तारण असते. सरकारी पतहमी योजनेखाली विनातारण कर्ज घेतलं असलं तरी प्रवर्तकाची वैयक्तिक हमी बँक घेऊ शकते. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी कंपनीच्या मागे लागावं, मग जामीनदाराकडे यावं, असा क्रम नाही. १ डिसेंबर २०१९ पासून कंपनीच्या वैयक्तिक जामीनदारांविरुद्ध दिवाळखोरी संहितेखालीही कारवाई करता येते, आणि मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली.

राजीनाम्याने हमी संपत नाही. सीईओपद गेलं, संचालकपद गेलं, सगळे शेअर्स विकले, तरी बँकेने लेखी मोकळीक देईपर्यंत जामीनदार हा जामीनदारच. आणि नेमकं यामुळेच हस्तांतर फसतं. ज्याचं घर तारण आहे त्याने रोजच्या उधारीत नाक खुपसू नये ही अपेक्षा गैरवाजवी आहे. लोक म्हणतात, 'मालकाचा जीव सुटत नाही.' जीव कशात अडकलाय ते मंजुरीपत्र उघडून पाहावं.

कामाचा क्रम असा. कंपनीच्या सर्व कर्जांची मंजुरीपत्रं एकत्र करा: कॅश क्रेडिट, टर्म लोन, वाहनकर्ज, बँक गॅरंटी, एनबीएफसीची (बँकेतर वित्तकंपनीची) बिल डिस्काउंटिंगची, म्हणजे बिलावर आगाऊ पैसे उचलण्याची सोय. प्रत्येकासमोर लिहा की हमी कुणाची, तारण कोणतं, बाकी किती, नूतनीकरण कधी. मग अटींचं पान वाचा. व्यवस्थापनात बदल करण्याआधी बँकेची परवानगी घ्यावी अशी अट बहुतेक पत्रांत असते. प्रवर्तकांनी कंपनीला दिलेलं विनातारण कर्ज बँकेचं कर्ज असेपर्यंत काढून घेऊ नये, अशीही अट असते. 'पद सोडताना माझे ४० लाख घेऊन जातो' हा बेत तिथेच अडतो.

बँकेशी बोलायची उत्तम वेळ म्हणजे कॅश क्रेडिटचं वार्षिक नूतनीकरण, आणि तेही दोन महिने आधी, ताळेबंद हातात असताना. बँक फुकट कुणाला सोडत नाही. हमीच्या बदल्यात काहीतरी द्यावं लागतं: कंपनीच्या नावावरचं तारण, मुदत ठेव, कमी झालेली मर्यादा किंवा दुसरा जामीनदार. दुसरा जामीनदार म्हणजे नवा सीईओ, असं बँक सुचवेल. पगारी सीईओने ही सही करू नये, आणि संस्थापकाने ती मागू नये. दोन-तीन टक्के शेअर्सच्या आशेवर ३ कोटींचा जामीन हा व्यवहार शहाण्या माणसाला पटत नाही. ज्याला पटतो त्याच्या हाती कंपनी द्यावी का, हाही प्रश्नच आहे.

पूर्ण सुटका क्वचितच लगेच मिळते. मिळेपर्यंत चार गोष्टी लेखी घ्याव्यात. एक, आज आहे त्यापेक्षा मर्यादा वाढवायची तर जामीनदाराची लेखी संमती. दोन, बँकेला जाणाऱ्या मासिक स्टॉक स्टेटमेंटची आणि ड्रॉइंग पॉवरच्या (माल आणि येण्यांवरून ठरणाऱ्या, प्रत्यक्ष उचलता येणाऱ्या रकमेच्या) हिशेबाची प्रत. तीन, हप्ता किंवा व्याज ३० दिवसांहून जास्त थकलं तर त्याच दिवशी कळवणं, कारण थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खातं एनपीए (अनुत्पादक कर्ज) होतं आणि जामीनदाराच्या सिबिलवरही डाग लागतो. चार, कंपनीने संस्थापकाला नुकसानभरपाईची हमी देणं. कंपनी बुडाल्यावर तिचा उपयोग थोडाच, पण पुढे कंपनी विकली गेली तर नव्या मालकापुढे हा कागद कामाला येतो. करार कायद्याच्याच कलम १३० नुसार चालू स्वरूपाची हमी भविष्यातल्या व्यवहारांपुरती नोटीस देऊन मागे घेता येते, पण बँकेच्या हमीपत्रात त्यावर काय लिहिलंय ते वकिलाला दाखवल्याशिवाय नोटीस पाठवू नये. नोटीस मिळताच बँक मर्यादा गोठवू शकते, आणि ऐन हंगामात स्टीलचा ट्रक गेटवर उभा राहतो. हमीबद्दल कंपनीकडून कमिशन घ्यायची कल्पनाही मंजुरीपत्र वाचूनच करावी. असं कमिशन देणार-घेणार नाही हे बँकेने बऱ्याचदा आधीच लिहून घेतलेलं असतं.

सह्या, टोकन आणि ओटीपी

संचालक नेमला किंवा त्याने राजीनामा दिला की ३० दिवसांत कंपनी निबंधकाकडे डीआयआर-१२ हा फॉर्म भरायचा. एमडीच्या नेमणुकीचा ठराव असेल तर एमजीटी-१४, तोही ३० दिवसांत. नवा माणूस आधी संचालक नसेल तर डीआयएन (संचालकाचा ओळख क्रमांक), डीआयआर-२ फॉर्ममधली संमती आणि इतर कंपन्यांतल्या हितसंबंधांचा खुलासा लागतो. मंडळाच्या बैठकीची नोटीस किमान ७ दिवस आधी. हे कंपनी सेक्रेटरी (सीएस) करतो.

सीएसच्या यादीत नसतं ते घोटाळा करतं. जीएसटी नोंदणीत रोजच्या कारभाराला जबाबदार असलेल्या संचालकाचा किंवा मुख्य कार्यकारी व्यक्तीचा बदल १५ दिवसांत कळवायचा असतो. अधिकृत सही करणारा बदलणं ही वेगळी दुरुस्ती आहे, दोन्ही कराव्या लागतात. त्यापुढे आयकर पोर्टल, भविष्य निर्वाह निधी, ईएसआयसी, उद्यम नोंदणी, सरकारी खरेदीचं जेम पोर्टल, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, महावितरणचं कनेक्शन, ई-वे बिल. यातल्या निम्म्या ठिकाणी संस्थापकाचा वैयक्तिक मोबाइल नंबर असतो आणि ओटीपी त्याच्या खिशात वाजतो. तो लग्नाला परळीला गेला, रेंज गेली, की डिस्पॅच बंद. पद सोडण्याच्या दोन महिने आधी कंपनीच्या नावावर दोन सिमकार्ड घ्या आणि एकेक पोर्टल त्यावर आणा. वेबसाइटचं डोमेन, यूट्यूब चॅनल आणि डीलरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचं अॅडमिनपद विसरू नका. डोमेन दहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या जीमेलवर असतं आणि त्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही.

डिजिटल सहीचं टोकन आपल्याकडे सर्रास अकाउंटंटच्या ड्रॉवरमध्ये असतं, पिन चिठ्ठीवर लिहून. ही सही व्यक्तीची आहे, खुर्चीची नाही. नव्या सीईओने स्वतःची काढायची, संस्थापकाने आपलं टोकन घरी न्यायचं. राजीनाम्यानंतर जुन्या टोकनने एखादं विवरणपत्र भरलं गेलं, तर त्याचा खुलासा करता करता नाकी नऊ येतात.

चेकची गोष्ट याहून नाजूक. पुरवठादारांकडे संस्थापकाच्या सहीचे पुढच्या तारखांचे चेक पडून असतात, काही तारीख न टाकलेलेही. बँकेत सही बदलली की ते परत येतील. खात्यात पैसे नसल्याने परत आले तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली ज्याची सही त्यालाही ओढलं जातं. म्हणून सही बदलण्याच्या दिवशी सर्व दिलेल्या चेकची यादी करा, जुने परत घ्या, नवे द्या. एकेक पुरवठादाराकडे माणूस पाठवावा लागला तरी पाठवा. बँकेला ठरावाची प्रमाणित प्रत, नव्या सही करणाऱ्याचं केवायसी आणि नमुना सही लागते. नेट बँकिंगमध्ये एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने मंजूर करायचं, ही रचना याच वेळी बसवून घ्या.

जुन्या काळातली जबाबदारीही लगेच पुसली जात नाही. प्रायव्हेट कंपनीचा थकलेला आयकर कंपनीकडून वसूल झाला नाही, तर त्या वर्षी जे संचालक होते त्यांच्याकडून तो मागता येतो. आपला हलगर्जीपणा किंवा कसूर नव्हती हे त्यांनाच दाखवावं लागतं. जीएसटीतही अशीच तरतूद आहे. संचालकपद सोडणाऱ्या संस्थापकाने राजीनाम्याच्या तारखेपर्यंतच्या सगळ्या विवरणपत्रांच्या पावत्या आणि इतिवृत्तांच्या प्रती स्वतःच्या फाइलला लावून ठेवाव्यात.

आणखी एक. यंत्राचं पेटंट, डिझाइन किंवा ट्रेडमार्क संस्थापकाच्या वैयक्तिक नावावर असेल तर हस्तांतराच्या आधी ते कंपनीच्या नावावर करा, किंवा किती वर्षं, कोणत्या दराने वापरायला दिलं याचा करार करा. शेड संस्थापकाच्या मालकीची आणि कंपनी भाडेकरू असेल तर तो करारही नव्याने वाचा. भाड्याचा दर पुढे कोण ठरवणार? जो शेडचा मालक आहे तो नक्कीच नाही.

कुणी काय ठरवायचं

इथे आकडे लागतात. 'मोठे निर्णय मंडळ घेईल' हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण मोठा म्हणजे किती यावरच पुढे भांडण होतं. आपल्या १८ कोटींच्या कंपनीसाठी असं काही चालेल: ठरलेल्या बजेटमधली १० लाखांपर्यंतची खरेदी सीईओ एकट्याच्या सहीने, १० ते ४० लाख सीईओ आणि फायनान्स प्रमुख मिळून, त्यापुढे मंडळ. एका डीलरला १५ लाखांपर्यंत उधारी सीईओच्या हातात. यंत्राची किंमत ५ टक्के वरखाली करण्याची मोकळीक. माणसं घेणं-काढणं पूर्णपणे त्याचं. अपवाद फक्त फायनान्स प्रमुखाचा, त्याला काढायचं तर मंडळाला विचारून. नवं कर्ज, शेअर्स, जमीन, संस्थापकाच्या नातेवाइकांशी कोणताही व्यवहार हे मंडळाकडेच.

नातेवाइकांचं कलम लिहिताना हात आखडतो, पण ते लिहावंच. मेव्हण्याचं ट्रान्सपोर्ट, चुलतभावाकडून येणारं फॅब्रिकेशन, स्टोअरमध्ये बसलेला भाचा. नवा सीईओ पहिल्या तिमाहीत जे दर बाजारात पडताळून पाहील त्यांत हे असणारच. दर योग्य निघाले तर प्रश्न मिटला. नाही निघाले, तर तो कुणाकडे जाणार?

हा प्रश्न थेट मंडळापर्यंत नेतो. आपल्याकडच्या बऱ्याच प्रायव्हेट कंपन्यांचं मंडळ म्हणजे नवरा आणि बायको. अशा मंडळापुढे सीईओने मांडलेला मुद्दा म्हणजे संस्थापकाच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावरचा विषय. सीईओ आणण्याच्या सहा महिने आधी मंडळात किमान एक बाहेरचा माणूस घ्या, ज्याला संस्थापकाला 'नाही' म्हणता येतं आणि ज्याचा कंपनीशी दुसरा व्यवहार नाही. निवृत्त बँकर, मोठ्या कंपनीतला माजी प्लांट हेड, शहरातला जुना उद्योजक. छत्रपती संभाजीनगरात वाहन उद्योगाची चाळीस वर्षांची परंपरा आहे, बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ पासूनचा. अशी माणसं इथे आहेत. सीएमआयए (मराठवाड्यातल्या उद्योजकांची संघटना) किंवा मॅजिक (नवउद्योगांना मदत करणारी संस्था) यांच्यासारख्या संस्थांत विचारलं तर नावं कळतात. कंपनीचा सीए मात्र या कामाला घेऊ नका. ऑडिटर असेल तर कायद्यानेच चालत नाही, आणि नसला तरी त्याचं बिल संस्थापक मंजूर करतो.

घरातला की बाहेरचा

पुण्याहून माणूस आणायची हौस असते. येतोही. कुटुंब मात्र पुण्यातच राहतं, शुक्रवारी दुपारी तीनला गाडी निघते, सोमवारी अकराला परत. हंगामात शनिवार-रविवारीच डीलरचे फोन येतात, मग ते संस्थापकाकडे जातात, आणि सहा महिन्यांत कंपनीला दोन सीईओ होतात: पाच दिवसांचा एक, दोन दिवसांचा दुसरा. बाहेरचा माणूस घ्यायचा तर त्याच्या पत्नीची नोकरी आणि मुलांची शाळा हा मुलाखतीचा विषय समजावा, पगाराइतकाच महत्त्वाचा.

आतला माणूस, बहुधा उत्पादन प्रमुख किंवा विक्री प्रमुख, कंपनी ओळखतो, पण त्याला बँकेपुढे बसायची सवय नसते आणि कालचे सहकारी त्याला आज साहेब म्हणायला तयार नसतात. तरीही शंभर कामगारांच्या आतल्या कंपनीत आमचा कल आतल्या माणसाकडे. ताळेबंद वाचायला वर्षभरात शिकवता येतं. हिंगोलीचा कोणता डीलर दिवाळीला पैसे देतो आणि कोणता होळीपर्यंत टोलवतो, हे शिकवता येत नाही.

शेअर्सचं आमिष दाखवताना कायदा लक्षात असू द्या. ईसॉप (कर्मचाऱ्याला पुढे ठरलेल्या दराने शेअर्स घेण्याचा हक्क) दिल्यापासून किमान १ वर्ष गेल्याशिवाय ते हाती येऊ शकत नाहीत. रूढ पद्धत चार वर्षांत टप्प्याटप्प्याने देण्याची. पण प्रायव्हेट कंपनीचे शेअर्स विकायचे कुठे? कंपनी ते कधी, कोणत्या सूत्राने परत घेईल हे लिहिलेलं नसेल तर उमेदवार त्यांची किंमत शून्य धरतो, आणि बरोबरच धरतो. दुसरीकडे, 'सोडून गेल्यावर दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जाणार नाही' हे कलम घालून निश्चिंत होऊ नका. करार कायद्याच्या कलम २७ मुळे नोकरी संपल्यानंतरचं असं बंधन आपल्या न्यायालयांत टिकत नाही. ड्रॉइंग, डीलरची यादी, दरपत्रकं यांच्या गोपनीयतेचं कलम टिकतं. त्यावर भर द्या, आणि कोणत्या फाइल कुणी उघडल्या याची नोंद राहील अशी सोय करा.

तारीख कोणती

सीए १ एप्रिल सुचवतो. वर्षाचे आकडे स्वच्छ वेगळे पडतात. पेरणी यंत्रांच्या कंपनीसाठी ही सर्वात वाईट तारीख. एप्रिल ते जून हा विक्रीचा काळ. महाडीबीटीवरच्या अनुदानाच्या मंजुऱ्या, डीलरचा तगादा, मृगाच्या तोंडावर शेतकऱ्याची घाई. त्यात खुर्ची बदलली तर प्रत्येक भानगड जुन्या मालकाच्या दारात येणार.

आमच्या मते पोळ्याच्या आसपास पद द्यावं. पेरणी आटोपलेली, वर्कशॉप थोडं निवांत. नव्या सीईओचं पहिलं मोठं काम मग सोयाबीन बाजारात आल्यावरची वसुली ठरतं, आणि वसुलीइतकी लवकर कंपनी दुसरं काहीच शिकवत नाही. त्यानंतर दिवाळीमागून पुढच्या हंगामाचं उत्पादन नियोजन, स्टीलची खरेदी, आणि मग विक्री. अख्खं चक्र त्याच्या हाताखालून जातं. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायची असते, त्यामुळे ऑगस्टमध्ये अतिरिक्त संचालक म्हणून घेतलेल्या सीईओला त्याच सभेत नियमित करता येतं. हे राहून गेलं तर त्याचं संचालकपद सभेच्या दिवशीच संपतं.

पहिल्या महिन्यात दोघांनी मिळून मोठ्या वीस डीलरकडे, पाच पुरवठादारांकडे आणि बँकेत जावं. बोलायचं नव्या सीईओने; संस्थापकाने चहा प्यायचा. दुसऱ्या महिन्यापासून संस्थापकाचं केबिन मुख्य इमारतीतून हलवावं. तिसऱ्या महिन्यात त्याने सलग तीन आठवडे कारखान्यात पाऊल टाकू नये. या काळात जे जे अडतं त्याची यादी करावी. ती यादी म्हणजेच न झालेलं हस्तांतर. फोन आला तर एकच उत्तर: 'त्यांच्याशी बोला, मी त्यांना सांगतो तुमचा फोन आला होता.' 'बघतो' हा शब्द एकदा जरी तोंडातून गेला तरी डीलर पुढच्या वेळी नव्या माणसाला विचारणारच नाही. गावातला, भावकीतला कामगार रात्री घरी येऊन रजेचं किंवा उचलीचं गाऱ्हाणं मांडतो तेव्हा हे पाळणं सगळ्यात अवघड जातं.

मोजमाप महिन्याला एका पानावर मावावं: येणी किती दिवसांची, गोदामात माल किती, वेळेवर पाठवलेली यंत्रं किती टक्के, वॉरंटीत परत आलेले सुटे भाग, कॅश क्रेडिटचा सरासरी वापर. संस्थापकाने कारखान्यात फेरी मारून 'पूर्वीसारखं वाटत नाही' म्हणणं यात बसत नाही. पूर्वीसारखं वाटू नये यासाठीच तर बदल केला.

परत यायचं झालं तर

संस्थापक परत येतात. इन्फोसिसमध्ये नारायण मूर्तींनी २००२ मध्ये सीईओपद नंदन निलेकणींकडे दिलं. जून २०१३ मध्ये मूर्ती कार्यकारी अध्यक्ष म्हणून परतले. ऑगस्ट २०१४ मध्ये विशाल सिक्का हे संस्थापकांबाहेरचे पहिले सीईओ आले, संस्थापकांशी उघड मतभेद होऊन ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. मग निलेकणी अध्यक्ष म्हणून आले, पण सीईओची खुर्ची त्यांनी घेतली नाही. जानेवारी २०१८ पासून तिथे सलिल पारेख आहेत. एवढ्या मोठ्या, व्यवस्थित कंपनीत जे घडलं ते साठ कामगारांच्या कंपनीत घडणार नाही असं धरून चालता येत नाही.

म्हणून परतीची अट जाण्याच्या ठरावातच लिहावी. उदाहरणार्थ: सलग दोन तिमाही कॅश क्रेडिट ९५ टक्क्यांवर वापरलं गेलं, किंवा येणी १५० दिवसांच्या पुढे गेली, तर मंडळ विशेष बैठक घेईल, बाहेरच्या संचालकाची संमती असेल तरच सीईओ बदलला जाईल, संस्थापक हंगामी आला तर जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी, आणि त्या काळात नव्या सीईओचा शोध बाहेरचा संचालक चालवेल. काढलेल्या सीईओला नोटीस किती महिन्यांची, त्याच्या हाती आलेल्या शेअर्सचं काय, हेही तिथेच लिहा. परत येणाऱ्याला कागदपत्रांत कोणतीही सवलत नाही: संचालकपद सोडलेलं असेल तर नवी नेमणूक आणि डीआयआर-१२, जीएसटीत १५ दिवसांत दुरुस्ती, बँकेत नवा ठराव आणि नमुना सही, आणि मधल्या काळात दिलेल्या चेकची पुन्हा एकदा यादी.